आभाळातून जाळरेषा

सेंगकांग, सिंगापूर
५ ऑक्टोबर २०१५

जगदीशमामा,

जय भीम. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानातलं यंत्र तुम्ही लावत नाही, म्हणून पुन्हा कागदावर आले. एका परीनं बरंच आहे. फोनवर तुम्ही मधेच "काय? काय म्हणाली?" करता आणि माझा राग निवतो. आज मला तो निवू द्यायचा नाही.

महिना झाला, आम्ही धूर खातोय. पलीकडे इंडोनेशियात आगी लागल्यात आणि वारा सगळा धूर आणून आमच्या अंगावर टाकतोय. समोरची बिल्डिंग दिसत नाही. खिडक्या बंद, बाहेर पडायचं तर तोंडाला मास्क. मधे एक दिवस सगळ्या शाळांना सुट्टी दिली. तुमची नात एकता खोकून खोकून बेजार झालीय आणि वर मलाच समजावते, "कॅन ब्रीद लाह, आई, डोंट वरी." तुमच्या जावयाचं, सुगतचं, सगळं लक्ष त्याच्या पीएच.डी.त. तो मास्क लावून युनिव्हर्सिटीत जातो आणि मास्क लावूनच परत येतो.

पण नुसतं खिडकीत बसून धुराला शिव्या घालणाऱ्यातली मी नाही. आमच्या हँगरमध्ये एक म्हातारं विमान आलंय, तीन इंजिनांचं. आयुष्यभर माणसं घेऊन जगभर हिंडलं आणि आता भंगारात निघालं होतं. आम्ही त्याच्या सगळ्या खुर्च्या उपटल्या, जेवण गरम करायचे ओटे काढून टाकले, आणि पोटाखाली टाक्या बसवतोय. वणव्यावर मारा करणारा टँकर होणार आहे तो. एका खेपेला पंचेचाळीस हजार लिटर! जुना सांगाडा आणि पंख हे वजन झेलतील की नाही, ते बघायचं काम माझं. मी सही केल्याशिवाय त्या विमानाला एक खिळासुद्धा ठोकता येत नाही.

तेव्हा वणव्यांना म्हणावं, ललिता येतेय. मामींना नमस्कार.

तुमची,
ललिता


चंद्रपूर
१९ ऑक्टोबर २०१५

भाचीबाई,

जय भीम. तुझं पत्र मामीला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, पोरीनं धूर खाल्लाय म्हणून डोक्यात गेलाय. मी म्हटलं, नाही, ही लहानपणापासून अशीच आहे.

टँकर म्हटलं का आमच्या डोळ्यांपुढं मे महिना उभा राहतो आणि हंडे घेऊन पळणाऱ्या बाया. तुझे पंचेचाळीस हजार लिटर म्हणजे असे चार-साडेचार टँकर झाले. बाप्पा! तेवढ्यासाठी अख्खं विमान काहून उडवायचं?

आता माझं ऐक. मी सहायक वनसंरक्षक म्हणून रिटायर झालो. उभी हयात सागवान आणि बांबूच्या जंगलात गेली, पायाच्या नखांपर्यंत आलेले वणवे पाहिले. पहिली गोष्ट, तुमच्याकडचा धूर झाडांचा नाही. पेपरात आलंय, तिथं दलदलीची जमीन वाळवली आणि ती आतून जळते आहे. आमच्याकडं खाणीतला कोळसा आतल्या आत जळतो तशी. त्यावर तुझं विमान कितीही पाणी ओतो, वाफ निघेल आणि आग तशीच.

दुसरी गोष्ट, वणवा पाणी ओतून विझतच नाही. आगीच्या तोंडाशी जाऊन भांडायचं नसतं. तिच्या पुढं जायचं आणि रेघ मारायची. तिलाच आम्ही जाळरेषा म्हणतो. गवत-पाला कापायचा, आपणच पेटवून तेवढा पट्टा साफ करायचा. मागून मोठी आग येते, तिला खायला काही मिळत नाही, ती बसते. पण रेघ अखंड पाहिजे. हातभर गवत राहिलं तरी तेवढ्यातून आग पलीकडं जाते आणि सगळी मेहनत पाण्यात. म्हणून मी प्रत्येक जाळरेषा स्वतः चालून बघत असे. गार्ड लोक मागून मला रेघवाले साहेब म्हणत. मला माहीत होतं, मी ऐकू न आल्यासारखं करायचो.

विमानातून बदाबदा पाणी ओतणं हा तमाशा आहे, ललिता. मंत्र्यांना आवडेल. एकताला हळदीचं दूध दे.

तुझा मामा


सेंगकांग
७ नोव्हेंबर २०१५

मामा,

तुमचं पत्र बसमध्ये वाचलं आणि असा संताप आला की उतरायचा स्टॉप गेला.

एक कबूल करते. इथल्या आगीवर माझं विमान चालणार नाही. जमिनीच्या पोटातली आग तुम्ही म्हणता तशीच असते. मी रागाच्या भरात लिहून गेले. झालं समाधान?

पण तमाशा? मामा, एवढा मोठा शब्द वापरण्याआधी निदान विचारायचं तरी! आमचं विमान आगीवर काही ओततच नाही. ते आगीच्या पुढे जातं. पुढे एक छोटं विमान वाट दाखवत असतं, त्याच्या मागे आमचं अगदी खाली उतरतं आणि डोंगराच्या कडेनं एक लांबच लांब लाल पट्टा टाकत जातं. साधं पाणी नसतं ते. खतासारखं दाट औषध असतं, रंग घातलेला, म्हणजे कुठे पडलं ते वरून दिसावं. ते गवतावर, झुडपांवर बसलं की तिथे आग धरत नाही. आता सांगा, काय झालं हे? तुम्ही जी रेघ माणसं लावून मारता तीच आम्ही आभाळातून मारतो, जिथे माणूस पोचायच्या आत सगळं जळून जातं तिथे.

आणि ती अखंड यावी म्हणूनच मी सहा महिने डोकं फोडतेय. टाक्यांच्या तळाला मी जी दारं बसवायला लावली ती हळूहळू उघडतात. टाकी भरलेली असो की संपत आलेली असो, धार सारखीच पडते. पायलटला वाटलं तर मधेच मिटता येतात, पुढे जाऊन पुन्हा उघडता येतात. महाग आहेत, म्हणून आमचा प्रोजेक्ट मॅनेजर संजीव मला नेहमी ऐकवत असतो. ऐकवू दे.

फेब्रुवारीत इथे एअर शो असतो. त्या आठवड्यात आमचं विमान समुद्रावर पहिल्यांदा धार सोडून दाखवणार आहे. साधं पाणीच असेल. तुम्ही या. मामींना आणा. स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग बोला.

ललिता


चंद्रपूर
२४ नोव्हेंबर २०१५

ललिता,

स्टॉप गेला हे वाचून मला फार आनंद झाला. माझ्या पत्रात अजून दम आहे.

आगीच्या पुढं पट्टा टाकता हे आधी सांगायला काय झालं होतं? मला वाटलं, बादली. आता पट्टा म्हणतेस तर माझे प्रश्न घे. पट्ट्याची दोन टोकं कशाला बांधलीत? जाळरेषा रस्त्याला, नाही तर नदीला, नाही तर उघड्या खडकाला नेऊन भिडवायची असते. अधांतरी सोडली तर आग टोकाला वळसा घालून येते. हे तुमच्या पायलटला कोणी शिकवलं आहे का? आणि मधेच दार मिटायचं कशाला? रेघ मारायला घेतली का हात उचलायचा नाही. हे मला अजिबात पटलेलं नाही, लिहून ठेव.

पासपोर्टला अर्ज टाकला आहे. मामी येणार नाही, तिला विमानाची भीती वाटते. मी येतो. तुझी रेघ चालून बघता येणार नाही, पण बघीन.

मामा


सेंगकांग
३ जानेवारी २०१६

मामा,

तुमचं तिकीट निघालं हे कळलं. हे पत्र मात्र मी चांगल्या मनानं लिहीत नाहीये.

संजीवनं माझी दारं काढायला सांगितली आहेत.

झालं असं. परवा खरेदीदार मंडळींना हँगर दाखवला. त्यातल्या एकानं मागच्या चाचणीची फिल्म बघितली, जमिनीवर टाकी ठेवून केलेली, आणि म्हणाला, "हे बागेत पाणी घातल्यासारखं वाटतंय." बस्स. संध्याकाळी संजीवनं मला केबिनमध्ये बोलावलं. हा पुण्याचा आहे, एरवी इंग्रजीत बोलतो, काम असलं की मराठीत. "अगं ललिता, पातळ रेघ बघायला कोण येणार? लोकांना धबधबा हवाय. आभाळ फाटल्यासारखं दिसलं पाहिजे." त्याला माझी दारं काढून तिथे दोन मोठी झाकणं हवीत. एक बटण दाबलं की सगळं एकदम खाली. स्वस्त पडतं, फोटोत उठून दिसतं, आणि विमान त्या झाकणांसकटच विकलं जाईल.

मी म्हटलं, आणीबाणीत सगळं ओतून द्यायची सोय आत्ताही आहेच. तो म्हणतो, मग रोज तेच करायला काय हरकत आहे? मामा, हरकत आहे! एवढं वजन क्षणात सुटलं की विमान वर उसळतं आणि तो हिसका पंखांच्या मुळाशी बसतो. एकदा बसला तर काही होत नाही. पण हे दिवसातून आठ-दहा खेपा करणार, डोंगरातल्या गरम वाऱ्यात, आणि पंख आधीच म्हातारे आहेत. बरं, पंखांचं सोडा. सगळं एका जागी ओतल्यावर रेघ कुठली? एक डबकं पडेल आणि आग दोन्ही बाजूंनी पुढे जाईल. त्या झाकणांवर भरवसा ठेवून पलीकडे कोणीतरी घरात बसून राहील.

बदल करायचा तर कागदावर माझी सही लागते. नवी सही मिळवायला दुसरा माणूस आणून सगळा हिशोब पहिल्यापासून करावा लागेल आणि तेवढा वेळ नाही. म्हणून संजीव गोड बोलतोय. "आपण मराठी माणसं इतक्या लांब आलोय, एकमेकांना सांभाळून घ्यायला नको का?" आणि जाता जाता म्हणाला, तुझा एम्प्लॉयमेंट पास मार्चमध्ये रिन्यूला येतोय ना?

घरात नोकरीचा पास, म्हणजे इथे राहून काम करायचा परवाना, माझ्या एकटीचा आहे. सुगत विद्यार्थी, त्याचा प्रबंध अर्धा. एकताची शाळा, तिचं इथे राहणं, सगळं माझ्या नोकरीला टांगलेलं. सुगतला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझं विमान आहे, तू ठरव." माणूस भला आहे, पण अशा वेळी निदान भांडायला तरी हवं होतं. म्हणून तुम्हाला लिहितेय. वीस तारखेच्या आत संजीवला काय ते सांगायचंय.

ललिता


चंद्रपूर
१२ जानेवारी २०१६

चि. ललिता,

हे पत्र कुरियरनं पाठवतो आहे, उशीर नको.

सही करून टाक.

पुन्हा लिहितो, म्हणजे मी चुकून लिहिलं असं वाटायला नको. सही करून टाक, बाई. एका दिवसाचा तमाशा होऊन जाऊ दे. विमान विकलं गेलं का ज्यांना वापरायचं आहे ते स्वतःच म्हणतील, आमची दारं परत द्या. तेव्हा हळूच बदलून घे.

मी नोकरीत अडायचो तेव्हा काय व्हायचं? माझी भामरागडला बदली व्हायची. अगं, भामरागडलाही जंगलच होतं! वरच्यांना वाटायचं शिक्षा दिली आणि मी खुशीत ट्रंक भरायचो. तुझं तसं नाही. तुला देश सोडावा लागेल. सुगतचा अभ्यास मोडेल. एकताला इथं आणून कोणत्या शाळेत घालशील? तिला मराठी वाचता येत नाही, आणि ती दर वाक्याला तिथलं लाह लावते. पोट्टे तिला जगू देतील का?

मी म्हातारा झालो, ललिता. मला तुझी काळजी वाटते. मामी दोन दिवस जेवली नाही. ऐक माझं.

मामा


सेंगकांग
२१ जानेवारी २०१६

मामा,

तुम्ही? तुम्ही मला हे लिहिता? रेघवाले साहेब?

दुसऱ्या कोणी लिहिलं असतं तर मी समजून घेतलं असतं. माझ्या आईनं लिहिलं असतं तर मी रडले असते आणि कदाचित सहीसुद्धा केली असती. पण हातभर गवत राहिलं तर सगळी मेहनत पाण्यात, हे मला कुणी शिकवलं? आणि आता म्हणता, आधी डबकं करू दे, रेघ नंतर मारू. नंतर कोणी काही बदलत नाही, मामा. जे विकलं जातं तेच उडतं. तुमच्या खात्यात हे तुम्ही माझ्याहून जास्त बघितलंय.

सही केली नाही.

काल मीटिंग होती. संजीवनं कागद पुढे सरकवला, त्यावर स्वतःचं भारीतलं पेन ठेवलं. मी कागद शेवटपर्यंत वाचला, पेनाचं टोपण लावलं आणि म्हटलं, "हे विमान रेघ मारण्यासाठी बनवलंय. त्याला धबधबा करायचा असेल तर माझ्या नावानं नाही." आमची पायलट, ऑस्ट्रेलियन बाई आहे, वीस वर्षं वणव्यांवर उडालेली, ती कोपऱ्यात बसली होती. तिनं फक्त माझ्याकडे बघून मान डोलावली. मी उठून बाहेर आले. खाली आल्यावर कळलं की संजीवचं पेन माझ्याच पर्समध्ये आलंय. परत देणार नाही. हे पत्र त्याच पेनानं लिहिलंय, बघा किती छान उमटतंय.

तिकीट रद्द करायचं नाही. मामींना म्हणावं, जेवा. नोकरी आहे, सगळं ठीक आहे. एकता तुमच्यासाठी खोली आवरतेय.

ललिता


चंद्रपूर
६ मार्च २०१६

ललिता,

सुखरूप पोचलो. बॅगेतला तुमच्या हॉकर सेंटरचा, त्या खाण्याच्या ठेल्यांवरचा, चिकट हलवा मामीला फार आवडला. समोरासमोर मला जे बोलता आलं नाही ते आता लिहितो. कानात यंत्र घातलं होतं खरं, पण तोंडात तर काही नव्हतं. तरी जमलं नाही.

नोकरी आहे म्हणून तू लिहिलंस ते खोटं होतं. मला दुसऱ्याच दिवशी कळलं. सकाळी डबा भरून, गळ्यात ऑफिसच्या ओळखपत्राचा पट्टा घालून तू निघायचीस. मी दहाव्या मजल्यावरून वाकून बघायचो. तू खालच्या हॉकर सेंटरमध्ये जाऊन बसायचीस, लॅपटॉप उघडून अर्ज करत. मग एका मंगळवारी मला बोटीतून पुलाउ उबीन बेटावर नेलंस. अगं, ऑफिसवाली बाई मंगळवारी सायकल चालवत फिरते का? झाडाखाली नारळपाणी पिताना तू हसत होतीस. मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तू रडली असतीस, आणि तुला रडायचं नव्हतं हे दिसत होतं.

आता त्या दिवसाचं. तुला निमंत्रण नव्हतं म्हणून आपण चौघं चांगीच्या किनाऱ्यावर छत्र्या घेऊन उभे राहिलो. तिथंच तू मला एका दमात सांगितलंस, सही नाही म्हणून झाकणं बसलीच नाहीत, आणि कागदावर मंजूर आहे तेवढंच उडवीन म्हणून पायलट बाई अडून बसली. मग ते आलं. एवढं मोठं धूड, इतकं खाली! पोटाखालून धार सुटली. बारीक, सारखी, संपता संपेना. समुद्रावर पांढरा पट्टा ओढत ते असं गेलं जसं काही घाई नाही. ललिता, मी आयुष्यात माणसं लावून जे केलं ते एक विमान माझ्या डोळ्यांसमोर करत होतं.

शेजारचा तो दिल्लीवाला म्हणाला, "बस? इतना ही?" लोकांनी धड टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. मी त्याला म्हटलं, "भाईसाब, यही तो है!" आणि मग मला काय झालं कोणास ठाऊक. मी छत्री टाकली आणि ओरडलो, "जाळरेषा! शाब्बास!" सगळा किनारा माझ्याकडं बघायला लागला. एकता म्हणाली, "आजोबा, सो लाउड लाह!" तू मात्र तोंड फिरवून उभी होतीस. मला माहीत आहे, रडत होतीस. तेव्हा रडलीस ते बरं झालं.

माझं ते सही कर म्हणणारं पत्र फाडून टाक. ते मामानं लिहिलं नव्हतं, भीतीनं लिहिलं होतं.

मामा


सेंगकांग
११ सप्टेंबर २०१६

मामा,

ते पत्र मी फाडलेलं नाही. जपून ठेवलंय. पुढे कधी भांडण झालं तर काढायला बरं.

आता बातमी. पास संपायच्या आत मला जुरोंग आयलंडवर काम मिळालं ते तुम्हाला ठाऊक आहेच. सकाळी कंपनीची बस, गेटवर पास दाखवायचा आणि दिवसभर तेलाच्या टाक्यांचे सांगाडे तपासायचे. त्या जमिनीवरून हलत नाहीत, उसळत नाहीत. कंटाळवाण्या आहेत, पण घर चालतं. सुगतचा प्रबंध या महिन्यात जाईल. एकताचा खोकला गेला.

विमान अखेर अमेरिकेतल्या एका वणवा विझवणाऱ्या कंपनीनं घेतलं. त्या दिवशी धार बघून ज्या खरेदीदारांना मजा आली नाही ते निघून गेले होते, हे लोक थांबले होते. दारांना त्यांनी हात लावला नाही. उलट पायलटला विचारलं, ही कोणी केली? तिनं माझं नाव सांगितलं. विमानाच्या अंगावर ते कुठे लिहिलेलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटतं. खोटं कशाला बोलू? हँगरसमोरून बस जाते तेव्हा मी दुसरीकडे बघते.

पण सोबतचा फोटो बघा. त्या बाईनं पाठवलाय, मागच्या महिन्यातल्या वणव्याचा, वरून काढलेला. डावीकडे सगळं काळं. उजवीकडे हिरवं. मधून आपला लाल पट्टा. आणि त्या हिरव्यात निळ्या पत्र्याचं घर आहे, अंगणात दोन घोडे उभे आहेत. दिसतात का?

म्हणा आता तमाशा.

ललिता


चंद्रपूर
२८ सप्टेंबर २०१६

भाचीबाई,

फोटो मोठा करून आणला आणि भिंग घेऊन बसलो. माझा जुना गार्ड पद्माकर येतो अधूनमधून, त्यालाही दाखवला. त्यानं भिंग माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाला, साहेब, घोडे तसेच उभे आहेत! मामीनं तर त्या निळ्या पत्र्यावरून हात फिरवला.

मला किती अभिमान वाटतो ते लिहिता येत नाही, म्हणून लिहीत नाही. पण भाची आहेस म्हणून सोडणार नाही. फोटोच्या वरच्या अंगाला, त्या वळणापाशी, तुझी रेघ तुटली आहे. पद्माकरलाही दिसली. चांगली विमानभर जागा मोकळी आहे. तुला मी पहिल्या पत्रात काय लिहिलं होतं? आणि दुसऱ्यात लिहिलं होतं, एकदा रेघ मारायला घेतली का हात उचलायचा नाही. तुमच्या पायलट बाईला तेवढं कळव. माझ्या हाताखाली असती तर परत चालायला लावली असती.

बाकी सरळ आहे.

मामा


सेंगकांग
१० ऑक्टोबर २०१६

मामा,

या पत्राची मी वाटच बघत होते. तुम्हाला ती जागा दिसणार हे मला ठाऊक होतं.

त्या वळणावर ओढा आहे. झाडांखाली झाकलाय म्हणून फोटोत दिसत नाही. ते लाल औषध पाण्यात पडलं की खालच्या अंगाचे सगळे मासे मरतात, आणि ते निळ्या पत्र्याचं घर त्याच ओढ्याचं पाणी पितं. म्हणून पायलटनं अलीकडे दार मिटलं आणि पलीकडे जाऊन पुन्हा उघडलं. मधल्या जागेत ओढ्याच्या दोन्ही काठांवर माणसं उभी होती, फावडी आणि कुदळी घेऊन, तुमच्या पद्माकरसारखी. तेवढी रेघ त्यांनी हातानं मारली.

मधेच दार मिटायचं कशाला, असं तुम्ही विचारलं होतं. संजीवनंही अगदी हेच विचारलं होतं. त्याची ती दोन झाकणं एकदा उघडली की मिटता येत नाहीत.

रेघ तुटलेली नाही, मामा. मुद्दाम सोडलीय. भिंग पुसा आणि पुन्हा बघा.

तुमची,
ललिता

ता. क. हे पत्रही त्याच पेनानं लिहिलंय.